आखूड कानांच्या शेळ्या

टेकडीवरच्या देवाच्या शेळ्या माझ्यामुळं मेल्या. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, शाळेतल्या सोबत्यांजवळ नाही, आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायला पाहिजे होतं त्या माझ्या थोरल्या बहिणीजवळ तर नाहीच. गाव म्हणतं, शेळ्या तिच्यामुळं मेल्या. आता तीही तेच म्हणते.

आमचं घर मूळचं मेंढरं राखणारं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, पण टेकडीवरच्या बिरोबाची पूजा आमच्याच घराकडं राहिली. देव म्हणजे शेंदूर फासलेला एक धोंडा, भोवती रचलेली दगडं. नवसाची पद्धत अशी, की मुलासाठी बोकड सोडायचा आणि मुलीसाठी पाठ, म्हणजे मादी करडू. वर नेऊन जनावराच्या कानाला चीर द्यायची, हळद लावायची आणि हात काढून घ्यायचा. त्या घडीपासून ते जित्राब देवाचं. त्याचं दूध काढायचं नाही, त्याला विकायचं नाही, दुखलं-खुपलं तरी हात लावायचा नाही. लांडग्यानं उचललं तर 'देवानं नेलं' म्हणायचं.

एक्क्याऐंशीच्या आसपास मी जालन्याला बी.एस्सी.ला होतो, तेव्हा आमच्या नदीवर धरणाची भिंत सुरू झाली. पाच-सहा वर्षांनी पाणी अडलं. रानं गेली, टेकडी मात्र मधोमध वर राहिली. त्याआधी धरणाचे साहेब येऊन सांगून गेले होते, वरची जनावरं काढून घ्या, पाणी चढणार आहे. कुणीही काढली नाहीत. देवाच्या शेळीच्या गळ्यात दोरी टाकणार कोण? एक म्हातारा साहेबांना म्हणाला, "ज्याच्या हायेत त्याला इचारा. तो काय म्हन्ला तर आम्हाला सांगा." साहेब हसले आणि जीपमध्ये बसून गेले. आठ-दहा शेळ्या आणि एकच धडधाकट बोकड, एवढा कळप पाण्यात अडकला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तरी टेकडीभोवती गाळ राही. त्यात माणूस कमरेइतका रुते, तिथं शेळीचं काय. त्यानंतर तिथून कोणी आलं नाही की गेलं नाही.

नेमानं गेलं ते एकच माणूस. माझी अक्का.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्नानंतर चारच वर्षांत कपाळ पांढरं करून माहेरी आली. वडील गेले तेव्हा पूजा माझ्याकडं यायला हवी होती. पण मला नुकतीच तालुक्याच्या शाळेत विज्ञानाच्या मास्तराची नोकरी लागली होती. मी अक्काला म्हणालो, तू बघ. भावकीतले पुरुष कुरकुरले, बाई देवाचं करणार म्हणून. पण रोज पाण्यातून जायची हौस कुणालाच नव्हती, त्यामुळं कुरकुर तेवढ्यावरच थांबली.

ती काहिलीतून जाई. ऊस लावणं सोडलेल्या एका घरची गूळ करायची मोठी काहील तिनं मागून आणली होती. त्यात मधोमध मांडी घालून बसायचं आणि लाकडाच्या फळीनं पाणी मागं सारायचं. मी पहिल्यांदा तिच्यासोबत बसलो तेव्हा काहील नुसती गोल फिरायला लागली.

"आरं भाऊ, हालू नकोस," ती म्हणाली. "एवढं शिकलास आन् बसता येईना तुला?"

शेळ्या तिला ओळखत. पण त्यांचं बदलणं तिच्या आधी माझ्या नजरेत भरलं, कारण मी रजेत-सणाला जाई आणि ती रोज बघे. त्या एकुलत्या बोकडाचे कान जन्मतःच आखूड होते, नुसती मुटकुळी. तशा कानाचं जनावर एरवी हजारात एखादं दिसतं. पण टेकडीवर दुसरा बोकडच नव्हता. त्यामुळं जी करडं झाली त्यांतली बरीच आखूड कानांची, आणि पुढं त्यांच्या त्यांच्यातच वीण होत गेल्यावर जवळजवळ सगळीच तशी. गावात चर्चा झाली. आपण पिढ्यान् पिढ्या कान चिरत आलो, आता देव खूण पोटातूनच घालून पाठवतोय, असं लोक म्हणू लागले. मी वर्गात ही गोष्ट सांगून हसवायचो. मुलांनो, कान कापल्यानं पोराचा कान तुटका होत नसतो. तुमच्या आयांचे कान टोचलेत, तुमचे टोचलेले आले का? एकाच बोकडाचं रक्त, आणि भोवती पाणी. बाहेरचं रक्त यायला वाटच नाही. म्हणून कान आखूड.

तो धडा मी फार रंगवून शिकवायचो, हे आता सांगितलं पाहिजे. पुस्तकात दूर समुद्रातल्या बेटांची माहिती होती. पाठलाग करणारं कुणी नाही म्हणून उडणं विसरलेले पक्षी, चारा थोडा म्हणून पिढ्यांमागून पिढ्या लहान होत गेलेले हत्ती. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. शाळा धरणाच्या पाण्याकाठीच होती, आमच्या गावची मुलंही तिथंच येत. मी खिडकीतून बोट दाखवून म्हणायचो, समुद्र कशाला, आपलं बेट ते बघा. तिथं बाहेरचं काही जात नाही, म्हणून तिथलं जनावर आपल्या वाटेनं चाललंय. हे वाक्य मी दर वर्षी म्हणायचो. मुलं घरी जाऊन सांगायची. अख्ख्या गावाला ते पाठ झालं होतं.

बारा-तेरा वर्षांत नवी जात तयार होत नसते, हेही मी सांगायचो. पण डोळ्यांपुढं काहीतरी घडत होतं. शेळ्या अंगानं लहान झाल्या होत्या. त्यातलं किती उपासाचं आणि किती रक्ताचं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पाण्यातलं गवत खायच्या. काठावरच्या शेळीचा पाय पाण्यात टाकून बघा, ओरडून गाव गोळा करील. आणि त्यांची भीती गेली होती. लांडगा नाही, कुत्रं नाही, दोरी घेऊन येणारा माणूस नाही. अनोळखी माणूस वर चढला तरी त्या पळत नसत, उलट हुंगायला जवळ येत.

"तुझ्या पुस्तकात माझ्या शेळ्या हायेत का रे?" अक्कानं एकदा विचारलं.

"न्हाई."

"मंग कशाचं पुस्तक ते!"

नव्वदीच्या शेवटाला करडं आंधळी निपजू लागली. काही उभीच राहायची नाहीत. अक्का येऊन सांगायची, आज एक गेलं, परवा एक. हात लावायचा नाही हा नेम, म्हणून ती नुसती शेजारी बसून राही. एक दिवस तिनं विचारलं, "भाऊ, हे काय होऊन राह्यलं? माझं काई चुकतंय का?"

"तुझं काही नाही," मी म्हणालो. "रक्त एकच झालंय. नवीन बोकड गेला पाहिजे तिथं."

"आता वर कोन सोडतो? नवसाचं समदं काठावरच उरकतेत."

ते खरं होतं. पाणी आल्यापासून लोक काठावरच बोकडाच्या कानाला चीर देत, पाण्याचा शिंतोडा मारत आणि देवाला पोचला असं म्हणून परत नेत. काहिलीत बोकड घालून नेणार कोण?

मी नेला.

का नेला, हे इतकी वर्षं मी स्वतःला एका बाजूनंच सांगत आलो: अक्काचं दुःख बघवेना म्हणून. ते खोटं नाही. पण त्याच्या आधीचं कारण वेगळं होतं. मला बघायचं होतं. लांब कानांचा बोकड सोडला तर पुढच्या वर्षीच्या करडांचे कान कसे येतात, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि मग ते जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचं होतं. मास्तरांचा बोलबाला झाला असता. देव, नवस यांतलं काही माझ्या मनात नव्हतं. पंचांना विचारलं असतं तर त्यांनी दहा अटी घातल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. अक्कालाही बोललो नाही. तिला नंतर दाखवून चकित करायचं होतं.

कुंभार पिंपळगावच्या बाजारातून मी एक उस्मानाबादी बोकड घेतला. काळाभोर, लोंबत्या कानांचा. त्याचं नाक वाहत होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"आवो सर, रातच्याला गारठ्यात बांधला व्हता. बिलकुल तंदुरुस्त हाय. गुळाचं पानी पाजा, उद्या तुम्हालाच टक्कर मारतो का न्हाई बघा."

शेपटीखालीही घाण लागलेली होती. ती मी पाहिली. मी प्राणिशास्त्र शिकलेला माणूस. जे पाहिलं त्याचा अर्थ मला कळायला हवा होता. कळला नाही असं म्हणवत नाही. एवढं म्हणतो, की कळून घ्यायला मी थांबलो नाही. अक्का त्या आठवड्यात वाटूरला नणंदेच्या मुलीच्या लग्नाला गेली होती. काहील मोकळी होती, गाव बाजारात होतं. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती.

भर दुपारी त्याचे पाय बांधून मी काहिलीत घातला आणि फळी मारत पलीकडं गेलो. वर नेऊन सोडला. एरवी एखाद्या कळपात परका बोकड घुसला तर आधी शिंगं लागतात. इथं तसं काही झालं नाही. सगळा कळप उठून आला. लहानखुऱ्या, मुटकुळ्या कानांच्या त्या शेळ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या आणि त्याचं नाक हुंगू लागल्या. एक करडू तर त्याच्या तोंडावरचं ओलं चाटत होतं. मला गंमत वाटली. बेटावरची भीती कशी जाते याचं उदाहरण म्हणून ते मी मनात टिपून ठेवलं.

चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा बोकड मरून पडला होता. तोंडात फोड, माश्या. दोन-तीन शेळ्यांची नाकं वाहत होती आणि एक बसल्या जागी कण्हत होती.

इथं मी काय करायला पाहिजे होतं, हे सांगायला विज्ञान लागत नाही. तालुक्याला जनावरांचा दवाखाना होता. डॉक्टरला आणायचं, पंचांपुढं उभं राहायचं आणि सांगायचं, मी बोकड आणला, तो आजारी होता, उरलेल्या वाचवा. त्यातल्या काही वाचल्या असत्या की नाही ते मला माहीत नाही. मी बोकडाच्या पायाला दगड बांधला आणि त्याला खोल पाण्यात सोडून दिलं. काहील होती तशी बांधली. घरी येऊन आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो.

अक्का लग्नाहून परतली तोवर निम्म्या शेळ्या पडल्या होत्या. ती रोज जायची. पंधरा दिवसांत टेकडीवर एक म्हातारी शेळी सोडून काही उरलं नाही. गावातल्या शेळ्यांना तो रोग नवा नव्हता. बाजारातून यायचा, चार मरायच्या, दहा तरायच्या. टेकडीवरच्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. मी वर्गात पाण्याचं फक्त एक काम सांगायचो, रक्त कोंडण्याचं. त्याच पाण्यानं इतकी वर्षं बाजार अडवून धरला होता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

गावातल्या देवळापाशी माणसं जमली. अक्काला मधे उभं केलं. मीही होतो, बाकीच्यांबरोबर पारावर बसलेला.

"देव कोपल्याबिगर अशा साऱ्याच्या साऱ्या जात न्हाईत," भावकीतला एक थोरला म्हणाला. "बाईमानसाचं येणं-जाणं. इटाळ-चंडाळ काई पाळलं न्हाई."

"म्या पाळलं," अक्का म्हणाली. "चार दिस म्या काहिलीला हात लावत न्हाई. पोरीबाळीस्नी इचारा."

कुणीतरी माझ्याकडं वळलं. "सर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा."

"साथ आली असेल," मी म्हणालो.

"साथ कुठून येईल? गावात तर साथ न्हाई."



"आन् तुम्हीच तर पोरास्नी शिकवता," तो थोरला म्हणाला, अगदी शांतपणे, मला कोंडीत धरायचं म्हणून नव्हे, "का तिथं भायेरचं काईच जात न्हाई म्हून. माझा नातू रोज म्हनून दाखवतो घरी. मंग भायेरचं काय गेलं तिथं? एक तुमची बहीणच जाती ना?"

माझंच वाक्य होतं. त्यांना ते मीच पुरवलं होतं, आणि त्यांनी ते बरोबर लावलं. ते चुकीचं आहे असं तिथं बसलेल्या सगळ्यांत एकटा मीच म्हणू शकत होतो. मला ते म्हणायला तोंड उघडायचं होतं. उघडलं असतं तर पुढचं सगळं बाहेर आलं असतं. मी म्हणालो, "मला नाही सांगता येत."

अक्काला देवळाच्या उंबऱ्यावर नाक घासायला लावलं. तिनं घासलं. उठताना तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, आपल्यापायी भावाची मान खाली गेली म्हणून. ते बघणं माझ्याच्यानं अजून विसरवत नाही. त्या दिवसापासून पूजा एका चुलतभावाकडं गेली आणि अक्कानं पाण्यात पाय घालायचा नाही असं ठरलं.

चुलतभाऊ सणालाच काय तो जाई. उरलेली म्हातारी शेळी कधी कधी संध्याकाळी पलीकडं पाण्यात येऊन उभी राही. अक्का अलीकडं बसलेली असे. ती हाळी द्यायची, तिकडून बारीक आवाज यायचा. दोन-तीन वर्षं असं चाललं. मग एक दिवस तिकडून आवाज आला नाही. आखूड कानांचं दुसरं जनावर मी पुन्हा आमच्या भागात पाहिलं नाही.

त्या वर्षानंतर मी बेटांचा धडा शिकवला नाही. तुम्ही वाचून घ्या, परीक्षेला सोपा आहे, असं सांगायचो.

एकदा घरी आम्ही दोघंच होतो. अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, तुला एक इचारू? दुसऱ्या कुनाला इचारता येत न्हाई."

"विचार की."

"माझं तवा मागं-पुढं व्हायला लागलं व्हतं. वयच तसं व्हतं. मोजायला चुकले असंन का मी? एखाद्या दिवशी गेले असंन का तशीच, माझ्या मलाच न कळता?"

"असं काही नसतं, अक्का. त्यानं शेळ्या मरत नाहीत."

"मंग कशानं मेल्या?"

तांदळातला खडा तिनं बाजूला टाकला आणि थांबली. तिला माझं उत्तर खरंच हवं होतं. मी म्हणालो, "चहा टाकतेस का?" तिनं ताट ठेवलं आणि उठली.

तिचा स्वतःवर विश्वास होता तो मी त्या दिवशी काढून घेतला. पारावर गावानं काढला नव्हता. तिथं ती 'म्या पाळलं' असं ठणकावून म्हणाली होती. पुढं ती तसं म्हणेना. कुणी विषय काढला तर म्हणे, झाली असंल चूक, बाईचा जलम. घरात हळदी-कुंकू असलं की आपणच मागच्या दारी जाऊन बसे.

आता त्याला दहा-बारा वर्षं झाली. अक्काचे गुडघे गेलेत. गेल्या महिन्यात मी गावी गेलो तेव्हा तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"माझं एक काम कर. मला एकडाव पलीकडं ने."

"कशाला?"

"देवाची माफी मागते. ते राह्यलं. आता मला काई इटाळ न्हाई, म्हातारी झाले. पंच काई म्हनायचे न्हाईत. चुलतभावाला म्हन्ले तर तो म्हन्ला, काहिलीत म्हाताऱ्या मानसाला कोन बसवतो. तू ने. तुला आता बसता येतं ना?"

आणि हसली. काहील गोल फिरलेली तिला अजून आठवत होती.

मी म्हणालो, परीक्षा झाल्या की येतो. परीक्षा झाल्या. अजून गेलेलो नाही. कारण मला ते चित्र दिसतं: ती शेंदराच्या धोंड्यापुढं डोकं टेकून माझ्या केल्याची माफी मागते आहे, आणि मी शेजारी फळी धरून उभा आहे.

अक्काला वाचता येत नाही. म्हणून हे लिहायला मला सोपं गेलं, हेही कबूल करतो. तुम्ही वाचलंत तरी तिला त्यातलं काही पोचत नाही. शेळ्या माझ्या बोकडानं मेल्या, तुझ्यानं नाही, एवढं मी तिला तिच्या तोंडावर, काहिलीत बसायच्या आधी, आणि त्याच पारावर बसलेल्या गावासमोर सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.